दुसरं पारायण

धाराशिवला डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सारजाबाईंची पोथी बंद पडली. मग रसायनशास्त्र शिकवणारी सून, अक्षदा, त्यांना एक रहस्यकादंबरी रोज थोडी थोडी वाचून दाखवू लागली. एरवी दोघींचं बोलणं बेतास बात. आता मात्र सारजाबाई प्रकरण संपलं की सवयीनं हात जोडायच्या आणि विचारायच्या, "म्हातारीला इख कुणी घातलं गं?"

शेवटचं पान अक्षदानं आधी मनात वाचलं. म्हातारीला विष तिच्या सुनेनंच दिलं होतं.

"ड्रायव्हरनं," अक्षदानं मोठ्यानं वाचलं.

महिन्यानं चष्मा आला. पोथी एकदा वाचून भागत नाही, म्हणून सारजाबाईंनी कादंबरीचंही दुसरं पारायण केलं. पुस्तक मिटून म्हणाल्या, "त्या ड्रायव्हरला उगं अडकवलंस की, पोरी. जा, चहा टाक. तुझ्याच हातचा पिते."