मूठभर बी

गोराईच्या खाडीकाठी भात लावणाऱ्या वनमालाबाईंचा विद्यापीठाच्या पोरांवर काडीचा विश्वास नव्हता. मागे असेच दोघं गोड बोलून जमीन मोजून गेले आणि शेजारच्या शेतात रिसॉर्टचं कुंपण उभं राहिलं.

"आजी, खाऱ्या पाण्यात तगणारं हे लाल भाताचं बी आता फक्त तुमच्याकडे उरलंय. आम्ही जुन्या वाणांचा अभ्यास करतोय. मूठभर द्या ना," संघमित्रा म्हणाली.

आज मूठ मागतील आणि उद्या आमचंच बी आम्हाला विकतील, वनमालाबाईंच्या मनात आलं. तोंडावर मात्र त्या हसल्या. "परवा ये गं, वाळवून ठेवते."

परवा त्यांनी खरंच तिची ओंजळ भरली.

त्याच वर्षी पावसाळा लागताच, पेरणीआधीच बांध फुटला. खाडीचं पाणी घरात शिरलं, कणगीतलं सगळं बी कुजलं. कळताच संघमित्रा त्या बियाची बाटली घेऊन धावत आली.

"आजी, यातला एक दाणाही मी फोडू दिला नाही. हे आधी पेरा, आमचा अभ्यास होईल मागाहून."

वनमालाबाईंचा हात काही पुढे होईना.

 

वाळवण्याआधी त्यांनी ते बी चांगलं उकडून काढलं होतं.