चारा तसाच

"वारा नही, लाट नही, मासा वर का उना रे पोरा? पहिले पानीले इचार, मंग गळ टाक."

बापाचं हे बोलणं मगनने लहानपणी ओवीसारखं ऐकलेलं. आज तलावाच्या काठावर ते आठवलं आणि त्याला हसू आलं. पाण्याला काय विचारायचं? मासा त्याने स्वतः बोलावला होता.

पाण्यावर थर्माकोलचा तुकडा तरंगत होता. त्याच्याखाली जाळीच्या पिशवीत डाळीची चुनी आणि ढेप मळून केलेला गोळा, भोवती आखूड दोऱ्यांना गळ. कोवळ्या उन्हात कटला माशांची तोंडं त्याच्याभोवती उघडत होती, मिटत होती. काठावर एकही बगळा नव्हता.

"पाह्य अक्का, आखो एक!" त्याने दोरी ओढली. मासा झुंजला नाही. ओल्या गोणपाटासारखा आला.

ताईबाई बकऱ्या घेऊन बांधावर बसली होती. बकरी पाण्याकडे वळली की उठून खडा मारायची.

"आज बकऱ्यास्ले उपास शे का, अक्का?"

"त्यास्ले तहान नही," ती म्हणाली. बकऱ्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

"तुन्हा पोऱ्या नवल कोठे शे? एक कटला त्यालेबी देसू."

"झोपेल शे. रातभर कारखानाना टँकरवर व्हता."

मगनचा मोबाइल वाजला. पुनम बाळंतपणाला माहेरी आली होती आणि चार दिवस तिला रश्श्याचेच डोहाळे होते.

"आबा, भेटना का कटला? मसाला वाटी ठेवा मी."

"भेटना व माय. चूल पेटाड, उनूच मी."

ताईबाईने पदराचं टोक दातात धरलं.

मगनने थर्माकोल ओढून घेतला. जाळीतला गोळा जसा बांधला होता तसाच होता. एक कणही कुरतडलेला नाही. त्याने तो हातात फिरवून पाहिला.

"खातस नही, नुसतं तोंड उघाडतस," तो हसला. "बठ्ठा मन्हा पुनमसारखा लाडाना!"

माशांची पिशवी त्याने मोटारसायकलच्या हँडलला अडकवली. आत कटल्याचं तोंड अजून उघडत होतं. त्याने किक मारली.

ताईबाई उठली. गाडीसमोर येऊन तिने पिशवीचा बंद मुठीत धरला.

"काय व अक्का, तुले एक जोयजे का? मांग ना मंग!"

तिने मागे वळून पाहिलं. बांधापलीकडे तिच्या घराचे पत्रे चमकत होते. दार अजून बंद होतं. एक बकरी पाण्यापर्यंत पोचली, तरी ताईबाईची मूठ सुटली नाही.

मगनने गाडी बंद केली.

"पुनमले खाऊ घालू नको, भाऊ," ती म्हणाली. "काल रातले मन्हा नवलनी कारखानाना टँकर आठेच, ह्या पानीमा रिता करा."