अंगणातला पाहुणा

फेतूने माशाचं ताट रिसॉर्टच्या टेबलावर ठेवलं आणि समोरच्या माणसाकडे पाहिलं. तो तिचा धाकटा भाऊ होता, तविता.

बेट सोडून तो ऑकलंडला गेल्याला बरीच वर्षं झाली होती. आता तो तिथल्या कंपनीतल्या तिघांबरोबर बसला होता, लाटांवरून नुकताच परतलेला. चौघांच्या केसांतून खारं पाणी निथळत होतं, लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या बाहेर माडाला टेकवलेल्या होत्या. त्यातल्या जाड्या साहेबाच्या लक्षात आलं.

“काय डेव्ह, ओळखीची आहे का रे? तुझ्याकडेच बघतेय.”

डेव्ह. हे नाव फेतूला नवीन होतं.

तविताने काटा उचलला. “नाही,” तो इंग्रजीत म्हणाला. “आम्ही इथले सगळे सारखेच दिसतो.”

बाकीचे हसले. तोही हसला.

“आणखी काही हवंय, सर?” फेतूने विचारलं. कुणालाच काही नको होतं.

दुपारी ती स्वयंपाकघरामागे खोबरं खवत बसली होती, तेव्हा तो आला. आधी उभा राहिला, मग बसलेल्या माणसापुढे उभं राहायचं नसतं हे आठवल्यासारखा खाली बसला.

“ताई, तू इथे असशील असं वाटलं नव्हतं.”

“बाबा गेल्यावर कामाला लागले.”

त्याने मान खाली घातली. “कंपनीने आणलं सगळ्यांना. नाही कसं म्हणणार? आणि घरी तरी कुठल्या तोंडाने येऊ? मातीला आलो नाही मी.”

“ते आईला विचार.”

“आणि मघाचं ते...”

“पाहुण्यांनी इथे मागे यायचं नसतं,” फेतू म्हणाली आणि दुसरी वाटी उचलली.

घरी जाऊन तिने आईला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारच्या जेवणासाठी दगडांची भट्टी लावणं पुरुषांचं काम, पण घरात आता पुरुष नव्हता. फेतू पहाटेच उठून दगड तापवत होती. धूर डोळ्यांत गेला म्हणून तिने तोंड फिरवलं, तर अंगणातच बांधलेल्या बाबांच्या थडग्याशेजारी कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. डोक्यावरून पांघरूण घेतलेलं.

असं कोण बसतं, ते बेटावर पोरासोरांनाही ठाऊक असतं. ज्याच्या हातून मोठा गुन्हा घडतो, तो पहाटे येऊन समोरच्याच्या दारात बसतो, बारीक विणीची चटई डोक्यावर घेऊन. घरच्यांनी चटई उचलली, की माफ केलं. तोवर हलायचं नाही. पण हे खुनाखुनीतलं, एका घराण्याने दुसऱ्या घराण्यापुढे करायचं. आपल्याच घरापुढे कुणी बसल्याचं फेतूने ऐकलं नव्हतं. आणि याच्याकडे चटई कुठली असणार? रिसॉर्टचा निळा टॉवेल होता. त्याच्या कोपऱ्यावर खोलीचा नंबर शिवलेला होता.

घराला भिंती नाहीत, नुसते खांब. आईने पडल्या जागेवरून पाहिलं.

“तविता आहे तो,” ती म्हणाली. पायांवरून तिने ओळखलं. उठून बाहेर आली, त्याच्यापुढे उभी राहिली.

“बापाच्या मातीला आला नाहीस, म्हणून बसलास?”

“त्यासाठीही,” टॉवेलखालून आवाज आला. “पण काल मी ताईला ओळख दिली नाही. परक्या माणसांसमोर. वर थट्टा केली.”

आईने फेतूकडे पाहिलं. इथे भावाने बहिणीपुढे आवाजसुद्धा चढवायचा नसतो.

“मातीचं मी बघितलं असतं,” आई सावकाश म्हणाली. “हे माझ्या हातातलं नाही.” ती आत गेली आणि चर्चला जायचे कपडे पेटीतून काढू लागली.

फेतू भट्टीकडे वळली. अळकुड्या, नीरफणस आणि नारळाच्या दुधात भिजलेल्या अळूच्या पुड्या तिने तापल्या दगडांवर मांडल्या, वर केळीची पानं रचली. हात भराभर चालत होते. रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. बसू दे. सगळ्या गावाने बघू दे.

ऊन आलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं रस्त्याने चर्चकडे निघाली. अंगणासमोर आली की त्यांचं बोलणं थांबे. कुणी हसलं नाही. एका बाईने आपल्या पोराचं तोंड दुसरीकडे वळवलं. शेजारचे म्हातारे मातालाओ तेवढे कुंपणाशी थांबले.

“फेतू, ऊन चढतंय गं.”

“चढू दे.”

ते मान हलवून पुढे गेले.

लांब प्रवाळाच्या कड्यावर लाट फुटल्याचा आवाज आला. रविवारी गावातलं कुणी समुद्रात उतरत नाही, पण रिसॉर्टची होडी तिकडे चालली होती. होडीत तिघंच होते. तविताने तिकडे मान वळवली नाही. टॉवेल घामाने पाठीला चिकटला होता. पाठीवर माश्या बसत होत्या, त्या तो हाकलत नव्हता. लहानपणी एक माशी आली तरी घर डोक्यावर घ्यायचा.

फेतू पाहत राहिली. मग पिंपातल्या पाण्याने तिने हातांची राख धुतली, झग्याला हात पुसले, अंगणात गेली आणि टॉवेल उचलला.

त्याचा चेहरा लाल झाला होता. डोळे मिटलेलेच होते.

“ऊठ,” ती म्हणाली.

त्याने प्रयत्न केला. पाय सरळ होईनात. खुर्चीवर बसून बसून मांडीची सवय गेली होती. तो अर्धवट उठला आणि थडग्याच्या कडेला हात टेकून पुन्हा खाली बसला. फेतूने हात पुढे केला.

“ओढू नकोस त्याला,” आतून आईचा आवाज आला. “बसू दे जरा. पायांत जीव येऊ दे.”