आडावरचा दोर
लढाईच्या दिवसांत बाजारात दोर मिळेना, कापडही कंट्रोलचं, आणि आळीच्या आडावरचा दोर दुसऱ्यांदा चोरीला गेला. आळीतल्याच सिद्धूनं तो नेला, हे सगळ्या बायांना ठाऊक होतं. पण चोर धरून घागर वर येत नाही, असं म्हणत म्हाताऱ्या धोंडुबाईनं कुणाला चावडीवर जाऊ दिलं नाही. “घरटी एकेक जुनेर आना. दोर आपुनच वळू.” लुगड्यांच्या पट्ट्या कट्ट्यावर जमल्या, तेव्हा पीळ धरायला तिनं मुद्दाम सिद्धूलाच हाक मारली. “तुज्या घरचं कापड कुटं हाय रं?”  सिद्धूनं डोईचा लाल पटका सोडला आणि टराटरा फाडून तिच्या हातात दिला. तिनं तो दोरभर वळून घेतला. सांजेला एकीनं विचारलं, “आत्ती, दोर घरात ठिवू?” “ऱ्हाऊ दे आडावर,” धोंडुबाई म्हणाली. “राखणदार त्यातच वळलाय.”