अक्षर बघून उतर

"अक्षर बघून उतरायचं. काय म्हणालो मी?" मधल्या बैठकीवरून तोकिएदासाहेबांनी बोलायच्या नळीत विचारलं.

"अक्षर बघून उतरायचं, साहेब," पुढून विमान चालवणारा हिकोसाका म्हणाला. दुपारपासून हे सातव्यांदा.

"नाही दिसलं तर?"

"तर पुन्हा चक्कर मारायची, साहेब."

"आणि पेट्रोल संपलं तर?"

"तर पोहत जायचं. पण आपल्याच जहाजावर."

मागे बंदूक आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा उसुई खो खो हसला. त्याला हसायला काय जातंय!

आमच्या तुकडीत विमानवाहू जहाजं दोन, युकिझुरु आणि त्सुकिझुरु; झुरु म्हणजे करकोचा. एकाच आराखड्यावरून बांधलेली, वरून बघावं तर जुळ्या बहिणी, आणि कायम बरोबर. दोन्हींच्या विमानांच्या पंखांवर जपानचा लाल गोळा, पण विमानं ज्याची त्याची. युकिझुरुच्या विमानांच्या शेपटीवर एक पट्टा, त्सुकिझुरुच्या दोन. शिवाय चुकामूक नको म्हणून डेकच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात घराएवढं पांढरं अक्षर रंगवलेलं. एकीवर 'यु', दुसरीवर 'त्सु'. आंधळ्यालासुद्धा दिसावं असं.

एवढं असूनही हिकोसाका बहाद्दराने दोनदा शेण खाल्लं होतं. एकदा नव्हे, दोनदा! युकिझुरुचं विमान घेऊन थाटात त्सुकिझुरुवर उतरला. दुसऱ्या वेळी तिथल्या लोकांनी त्याला अझुकी नावाच्या तांबड्या दाण्यांची गोड खीर पोटभर खाऊ घातली, शेपटीवर मान उलटी वळवलेला करकोचा रंगवला आणि सोबत चिठ्ठी दिली, 'तुमचं पाखरू सापडलं. बांधून ठेवत जा.'

सगळं जहाज आठवडाभर हसत होतं. कप्तान हसले नाहीत.

"तिसऱ्यांदा चुकीच्या जहाजावर गेलास," ते म्हणाले, "तर थेट मायदेशी. शाळेत पोरांना उडायला शिकवत बस. तुझं विमान दुसऱ्याला."

तिघांचं चौदा महिन्यांचं त्रिकूट होतं. एका डब्यात जेवणारे, एकमेकांच्या घरची पत्रं वाचणारे. ते तुटलं तर जगायचं कसं, हेच हिकोसाकाला कळत नव्हतं.

आजचा दिवस तसाही फुकट गेला होता. अमेरिकेचं विमानवाहू जहाज जवळपास आहे, शोधा आणि बुडवा, असा हुकूम. दुपारी निघाले. ढग, पाऊस, पुन्हा ढग. बाकीची विमानं कुठल्या कुठे पांगली. अमेरिकेची साधी होडी दिसली नाही. शेवटी परतीला पेट्रोल पुरावं म्हणून एवढा मोठा टॉर्पेडो समुद्रात टाकून दिला. तो टाकताना तोकिएदासाहेबांचा चेहरा श्राद्धाला बसल्यासारखा झाला होता.

सूर्य बुडाला, आणि उसुई ओरडला, "जहाज! डावीकडे!"

खरंच होतं. लांबलचक सपाट डेक, वर घिरट्या घालणारी विमानं, त्यांचे दिवे लागलेले. एकेक करून उतरत होती.

"बाकीचे पोचले की आपल्याआधी!" हिकोसाकाचा जीव भांड्यात पडला. त्यानेही दिवे लावले आणि रांगेत शिरला.

"एकच दिसतंय," तोकिएदासाहेब म्हणाले. "दुसरं कुठंय?"

"पावसाआड असेल, साहेब."

"एकच आहे म्हणजे पन्नास टक्के आशा आहे," उसुई म्हणाला. "हिकोसाकाच्या मानाने बरीच म्हणायची."

"तू गप रे!" हिकोसाका खेकसला.

उसुईने दिव्याची उघडझाप करून उतरायची परवानगी मागितली. खालून उत्तर आलं, पण त्याचा काही अर्थ लागेना.

"कुणी नवखा बसवलाय दिव्यावर," तो वैतागला. "हे नक्की त्सुकिझुरु. आपल्याकडे असला गबाळा माणूस नाही."

हिकोसाकाने पेट्रोल बघितलं. काटा शून्याला टेकत आला होता. चाकं सोडली, डेकवरच्या दोराला अडकणारा शेपटीचा आकडा सोडला, वेग कमी केला. डेकच्या बाजूला उतरणाऱ्यासाठी लाल-हिरवे दिवे असतात. ते एका रेषेत आणले की उतार बरोबर. आज ते दिवेच दिसेनात. उलट डेकच्या टोकाला एक माणूस उभा राहून दोन्ही हात जोरजोरात हलवत होता.

"तो काय करतोय?" साहेबांनी विचारलं.

"टर उडवतोय, साहेब. मला ओळखलंय त्याने."

"खीर तयार आहे म्हणतोय," उसुई म्हणाला.

"हिकोसाका," साहेबांचा आवाज मऊ झाला, "मलाही तुला सोडायचं नाहीये. नीट बघ. त्सुकिझुरु असेल तर वर उचल. पेट्रोलचं बघू काय ते."

हिकोसाकाचे डोळे भरून आले. त्याने बाहीने ते पुसले, काच मागे सारली आणि मान बाहेर काढली. डेक झपाट्याने मोठा होत होता. मागचा डावा कोपरा आला. त्याने डोळे फाडून पाहिलं. मग नजर पुढे गेली, नुकत्याच उतरलेल्या विमानांच्या पंखांवर.

त्याने इंजिनाला सगळा जोर दिला. विमान डेकवरून हातभर अंतराने वर उसळलं.

"त्सु?" साहेबांनी हताशपणे विचारलं.

"यु नाही, त्सुही नाही. पंखांवर पांढरे तारे आहेत, साहेब," हिकोसाका म्हणाला. "तिसऱ्यांदा चुकीचंच जहाज. दुपारपासून शोधत होतो ते."