गोधडीतली पोत

"घाल, माझ्या अंगावर घाल गाडी!"

हमरस्त्यावरच्या द्वारका चौकात, ट्रकच्या पुढच्या चाकाशी नवसाबाई फतकल मारून बसली होती. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ.

महेबूबनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रोज्याचा दिवस, घशाला कोरड. तिकडं काश्मीरच्या डोंगरात भूकंपानं गावंच्या गावं आडवी झालेली. माणसं उघड्यावर कुडकुडत होती. बर्फ पडून रस्ते बंद व्हायच्या आत ट्रकमधल्या या गोधड्या तिथं पोचायला हव्या होत्या. सोबतचे ट्रक मालेगावला वाट बघणार होते. चुकामूक झाली की काश्मीरपर्यंतचा सगळा रस्ता एकट्यानं कापायचा, आणि ही म्हातारी काही केल्या उठेना!

तो खाली उतरला. "मावशी, झालं तरी काय?"

"आमच्या सायखेड्याच्या गोधड्या यातच हाईत ना? चोराच्या भ्यानं एकीत सोन्याची पोत शिवली व्हती. घाईत तीच देऊन बसले रे बाबा!"

सोनं म्हटल्यावर गर्दीचा नूरच पालटला. मघाशी तिच्यावर खेकसणारे रिक्षावाले मदतीला धावले. गावोगाव फिरून हा माल गोळा करणारा मंडळाचा ललितही नरमला.

"बाईमाणसाची पोत म्हणजे काय चेष्टा आहे? सोडा रे दोर!"

ताडपत्री निघाली. गठ्ठे धपाधप रस्त्याच्या कडेला पडू लागले. ऊन कलत चाललं होतं आणि महेबूबचा जीव खालीवर होत होता. तिकडं लेकरं गारठून मरताहेत अन् हिला सोन्याची पडलीय! देताना डोळे कुठं गेले होते?

नवसाबाई एकेक गोधडी चाचपून बाजूला टाकत होती. लाल काठाच्या एका गोधडीपाशी ती थांबली. कडेवरून बोटं फिरवली, दातानं टाका तोडला. सगळे वाकून बघायला लागले.

तिच्या चिमटीत सुई होती. चांगली लांब, जाड, दोरा अजून ओवलेला.

"आणि पोत?" ललितनं विचारलं.

"कुठली पोत! ती कवाच मोडून खाल्ली. टेम्पो दारात आला, अन् घाईघाईत सुई आतच राहिली. रातभर डोळ्याला डोळा नाय. एखाद्या लेकराच्या अंगात घुसली असती म्हंजे? आधीच घर पडलंय त्याच्यावर."

महेबूबला स्वतःचीच लाज वाटली. तरी तो म्हणाला, "अहो मावशी, मग खरं सांगायचं ना! एवढं खोटं कशाला?"

नवसाबाईनं सुई पदरात खोचली. गोधडीची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"सुई म्हणले असते, तर उतरवली असती का गाडी?"