घंटा वाजेपर्यंत

‘साहेब, बारा माणसं ट्रकमध्ये घालून नेलीत आणि ट्रक रिकामा परत आणलात. कागदावर लिहिलंत, पळून गेले. हात मागे बांधलेली माणसं कशी पळतात, ते आम्हाला दाखवा.’

खाली सही नव्हती. ऊ सान तूनने पत्र दुमडून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि माडीचा जिना चढायला लागला.

हे बारावं. वर्षभर दर महिन्याला एक येत होतं. अक्षर दर वेळी वेगळं. एकाला खारवलेल्या मासळीचा वास, एकाला तंबाखूचा, एकावर सायकलच्या वंगणाचा डाग. आजच्याला जाईचा वास होता.

वीस वर्षं तो लष्करी तळाचा प्रमुख होता. त्या वीस वर्षांत एकदाही त्याची झोप मोडली नाही. निवृत्त झाल्यावर पखोक्कू शहरात बंगला बांधला आणि तिथे पहिलं पत्र आलं. मग झोप गेली ती गेलीच. शेवटी सायकलरिक्षावाला को फ्यो म्हणाला, “काका, गोळ्या किती खाल? बाजारावरच्या माडीवर बाई ध्यान शिकवतात. सोडतो चला, भाडं नको.”

बाई म्हणजे दॉ म्या क्यी. पन्नाशीची, अंगाने काटकुळी. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, “मोक्षबिक्ष मला ठाऊक नाही. तांदूळ निवडताना खडा दिसतो ना? तशी भीती दिसली पाहिजे. दिसली की तिचं नाव घ्यायचं आणि बाजूला ठेवायची. बाजारात, मोरीत, कुठेही जमतं.”

“आणि कुणी घाणेरडी पत्रं पाठवली तर?”

“वाचायची. छातीत धडधडलं की मनात म्हणायचं, धडधड, धडधड.”

त्याने ते केलं. आणि जमलं. ज्याला झोप लागायला नको होती त्यालाच लागायला लागली.

माडीवरचा नेम ठरलेला होता. आधी पंचशील. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही याला, बाई थांबायची आणि त्याच्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्यायची. जिना उतरेपर्यंत शील चालू. मग डोळे मिटायचे ते घंटा वाजेपर्यंत. मग मनात काय आलं ते बाईला सांगायचं. माणसं मारताना ज्याचा हात कापला नाही, तो शील मोडायला मात्र घाबरायचा. एवढाच धर्म त्याच्यात शिल्लक होता.

“काय दिसलं?” बाई विचारायची.

“चिंचेचं झाड.”

“चिंच, चिंच म्हणा. अजून?”

“बंद पडलेली वीटभट्टी.” तो घुटमळायचा. “पुढे मन पळतं.”

“पळू दे. पुढच्या वेळी बघू.”

त्याची चटई सगळ्यांच्या पुढे असायची. मागे अकरा जण: मासळीवाली, विड्या वळणारी दॉ सेन, को फ्यो आणि असेच बाजारातले. त्यांना मनातलं सांगताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. एकदा विचारलं तर दॉ सेन म्हणाली, “आमचं सकाळीच उरकतं, काका. आमच्या मनात एकच गोष्ट. लवकर संपते.”

“आणि तुम्ही डुलक्या काढता त्या वेगळ्याच,” मासळीवाली म्हणाली. “परवा घोरलात तेव्हा माझ्या टोपलीवरच्या माश्या उडाल्या.”

सगळे हसले. तोही हसला. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर कुणी असं मोकळं हसलं नव्हतं. भली माणसं, त्याला वाटलं.

पत्रं सुरू होऊन आज वर्ष पुरं होत होतं. भर दुपार होती, खाली बाजार पेंगुळला होता. त्याने शील घेतलं, चौथं दोनदा म्हटलं, डोळे मिटले. चिंच आली. भट्टी आली. आज मन पळालं नाही. माती दिसली, फावडी दिसली, बारा जण ओळीने दिसले. त्याने एकेकाचं नाव घेतलं आणि बाजूला ठेवलं. छाती हलकी झाली. आता सुटलो, त्याला वाटलं.

घंटा वाजली नाही.

पाय बधिर झाले तरी वाजली नाही. तेव्हा त्याने डोळे उघडले.

बाई समोरच होती. अंबाड्यात जाईचा गजरा, मांडीवर घंटा, घंटेला टेकवलेला एका तरुण माणसाचा फोटो.

त्याने मागे वळून पाहिलं. अकरा जणांपैकी एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. मांडी कुणीच घातली नव्हती. प्रत्येकाच्या हातात एक फोटो होता. को फ्यो जिन्याच्या दाराला पाठ लावून बसला होता.

“ध्यान शिकायला इथे तुम्ही एकटेच येत होतात, साहेब,” बाई म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्याला साहेब म्हटलं. “चिंच कळली. भट्टी कळली. शील अजून चालू आहे. भट्टीचं गाव कुठलं?”